‘भूक’ असा ऑप्शनच नव्हता

तेरा वर्षं केबिन क्रूमधे काढली, त्यातली शेवटची पाच पर्सर म्हणजे केबिन क्रूची प्रमुख म्हणून, आणि एवढ्या वर्षांत मला एकदाच शो-कॉज नोटीस आली. तीही कुणी तक्रार केली म्हणून नाही, एका पॅक्सने माझं तोंड भरून कौतुक केलं म्हणून. पॅक्स म्हणजे पॅसेंजर, आम्ही एकच असला तरी पॅक्सच म्हणतो, आता ती सवय जाणार नाही. हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं पण नोकरी होती. आता मी त्या कंपनीत नाही, तर लिहून टाकते.

आमच्या इकॉनॉमीत फुकट जेवण बंद झालं त्याचा तो पहिला दिवस. ब्रीफिंगला आम्हाला दोन गोष्टी मिळाल्या, एक कार्ड मशीन आणि एक कागद. कागदावर दोन रकाने, काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही. ‘जेवण बंद झालंय’ असं म्हणायचं नाही, ‘आता तुम्हाला हवं ते निवडता येईल’ असं म्हणायचं. ‘फुकट’ हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही, कारण फुकट म्हटलं की आधी फुकट होतं हे समोरच्याला आठवतं. माझ्यासोबत एक नवीन पोरगी होती, उडायला लागून सहा महिने झालेले, तिने विचारलं, मॅम कुणी ओरडलं तर काय करायचं? मी म्हटलं हसायचं, आपल्याला तेच शिकवलंय.

सकाळची फ्लाइट, ए३२०, १८० सीट आणि १७४ पॅक्स, उडून पोचायला दोन तास पन्नास मिनिटं. या फ्लाइटचं एक होतं की रोजचे लोक भरपूर. पहाटे उठायचं, काही न खाता निघायचं आणि विमानात जेवायचं हे त्यांचं वर्षानुवर्षं ठरलेलं. सीटबेल्टची खूण विझली की टेबलं धडाधड खाली यायची, आम्ही गॅलीतून, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातून, निघायच्या आधीच.

त्या दिवशी दार बंद केलं आणि कॅप्टनचा फोन आला की स्लॉट, म्हणजे उडायची वेळ, मिळालेला नाहीये, थांबा. थांबलो. एक तास चाळीस मिनिटं थांबलो, तिथेच, जमिनीवर. म्हणजे हिशोब करा, पहाटे घरातून निघालेला माणूस, दोन तास आधी एअरपोर्ट, मग हे, मग टेकऑफ, मग खाण्याची कार्ट त्याच्यापर्यंत येईपर्यंत अजून एक तास.

आणि कार्टमधे होतं काय, तर ४० सँडविच, २४ कप नूडल्स, बाकी चिप्स, बिस्किटं, चॉकलेट, थंड पेयं. १७४ माणसांना ४० सँडविच का, तर ताजा माल उरला की फेकावा लागतो. पाच-सहा जणांमागे एक जण विकत घेईल असा अंदाज धरून, त्यावर थोडं चढवून लोड करतात. उरलं तर ते वेस्टेजच्या रिपोर्टमधे दिसतं आणि कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. संपलं तर त्याला ‘सोल्ड आउट’ म्हणतात आणि ते चांगलं दिसतं. संपल्यामुळे जो उपाशी राहिला तो कुठल्याच रिपोर्टमधे येत नाही.

आता कंपनीचं गणित अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. लोकांना वाटतं एका ट्रेमधलं जेवण म्हणजे असून असून कितीचं असणार. पण ट्रेच्या मागे किती लफडी असतात ते आम्ही बघितलंय. ते आदल्या दिवशी शिजवायचं, झटकन थंड करायचं, ट्रे लावायचे, ट्रकने आणून विमानात चढवायचं, ओव्हनचं वजन, कार्टचं वजन, त्या वजनाला जळणारं इंधन, मग उष्टे ट्रे गोळा करायचे, उतरवायचे, धुवायचे, आणि दोन फ्लाइटच्या मधे केबिन झाडायला जाणारी मिनिटं, ती तर सगळ्यात महाग, कारण विमान जमिनीवर उभं आहे म्हणजे कमवत नाहीये. आंतरराष्ट्रीय फ्लाइटचं उरलेलं जेवण तर बऱ्याच देशांत रोगराईच्या भीतीने सरळ जाळून टाकावं लागतं, हात न लावलेलं असलं तरी. मी स्वतः न उघडलेले ट्रे ढिगाने परत पाठवलेत.

ट्रेनिंगमधे आम्हाला ऑलिव्हची गोष्ट सांगायचे, ती बहुतेक सगळ्याच एअरलाइनमधे सांगत असतील. अमेरिकन एअरलाइन्सचे तेव्हाचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल, त्यांनी १९८० च्या दशकात सॅलडमधून एक ऑलिव्ह कमी केलं आणि म्हणे वर्षाला ४०,००० डॉलर वाचले. आमचे इन्स्ट्रक्टर हे फार रंगवून सांगायचे, एक ऑलिव्ह, कुणाला कळलंही नाही वगैरे. पुढची गोष्ट मात्र ते सांगायचे नाहीत, ती मी नंतर वाचली, की याच क्रँडल यांच्या काळात, १ मे १९८१ ला, त्याच कंपनीने एअॅडव्हांटेज सुरू केलं, म्हणजे आज नेहमीच्या प्रवाशांना माइल्सचे पॉइंट आणि सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देतात त्यातला पहिला मोठा प्रोग्राम. एका हाताने ऑलिव्ह काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने माइल्स दिले, आणि दोन्ही जमलं, कारण ऑलिव्ह कुणी मोजत नव्हतं आणि माइल्स सगळे मोजत होते.

आणि फुकट फुकट म्हणतो पण एअरलाइनने विमानात दिलेलं पहिलं जेवण विकतच होतं. ऑक्टोबर १९१९, हँडली पेज ट्रान्सपोर्टची लंडन ते पॅरिस फ्लाइट, ३ शिलिंगला लंचचा डबा. जेवणाचा थाट नंतर आला, कारण तिकिटाचे दर ठरवून दिलेले असायचे, अमेरिकेत सरकार ठरवायचं, आंतरराष्ट्रीय मार्गांवर कंपन्या आयाटा या आपल्या संघटनेत बसून आपसात ठरवायच्या. भाडं कमी करता येत नाही मग गिऱ्हाईक ओढायचं कशाने, तर जेवणाने. १९५८ ला तर यावरून खरंच भांडण झालं होतं, अटलांटिकवरच्या नव्या इकॉनॉमी क्लासमधे फक्त सँडविच द्यायचं असं सगळ्यांचं ठरलं आणि स्कँडिनेव्हियाच्या एसएएस एअरलाइनवाले सँडविचच्या नावाखाली पावावर एवढं काय काय रचून द्यायला लागले की अमेरिकेच्या पॅन अॅमने तक्रार केली, आणि सँडविच कशाला म्हणायचं यावर मोठमोठी माणसं बैठका घेत बसली. १९७८ ला अमेरिकेत दर मोकळे झाले, हळूहळू लोक स्वस्त तिकीट बघायला लागले, आणि ट्रे एकेक करून जायला लागले. तिथल्या मोठ्या कंपन्यांत काँटिनेंटल एअरलाइन्सने सगळ्यात जास्त दम धरला, २०१० पर्यंत.

असो. तर कार्ट.

पूर्वी १७४ ट्रे आम्ही चौघं मिळून पाऊण तासात वाटायचो, हात आपोआप चालायचा, चिकन की पास्ता, चिकन की पास्ता, झालं. विकायला लागल्यावर प्रत्येक सीटपाशी एक छोटं नाटक. आधी त्याला सांगायचं की हे विकत आहे, मग तो बायकोकडे बघणार, बायको मेन्यू मागणार, मग कार्ड शोधणार, पाकीट वरच्या बॅगेत, बॅग काढायला उठणार, मशीन म्हणणार परत लावा, कुणीतरी कॅश पुढे करणार आणि मी म्हणणार फक्त कार्ड, मग तो म्हणणार पैसे द्यायला तयार आहे तरी घेत नाही म्हणजे कमाल आहे. त्याचं बरोबरच होतं. मी एक निश्चित सांगते, ट्रे देताना माझा हात वेगळा असायचा. कितीही थकलेली असले तरी ट्रे पुढे करताना आपण कुणाला तरी वाढतोय असं कुठेतरी असायचं. मशीन पुढे करताना तसं काही होत नव्हतं. मी उभी तीच, गणवेश तोच, आणि पॅक्स माझ्याकडे दुकानदाराकडे बघावं तसं बघत होते, वजनात मारतोय का काय असं.

सँडविच अकराव्या रांगेला संपलं. नूडल्स सतराव्या रांगेपर्यंत पुरले, आणि नूडल्सचा वास तुम्हाला माहितीच आहे, तो पुढच्या तेरा रांगांना आधीच पोचलेला. टेकऑफला एक तास होऊन गेलेला.

एकवीस डी ला एक काका होते. मनातल्या मनात काका, तोंडाने अर्थातच सर. आमच्या टॅबवर त्यांच्या नावापुढे गोल्ड दिसत होतं. गोल्डवाल्यांना नाव घेऊन स्वागत करायचं असा नियम, आणि तो नियम त्या दिवशीही चालू होता. म्हणजे मी रिकामी कार्ट घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि नाव घेऊन म्हटलं, पुन्हा आमच्यासोबत प्रवास करताय त्याबद्दल आभार.

“आज काय आहे?” त्यांनी टेबल आधीच उघडून ठेवलं होतं.

“सर, आता आपल्याकडे मेन्यू आहे, त्यातून तुम्हाला हवं ते...”

“विकत ना? माहितीये. मेल आला होता. एक सँडविच द्या.”

“सॉरी सर, सँडविच संपलंय.”

“मग नूडल्स.”

“तेही संपलेत सर.”

“राहिलंय काय?”

“चिप्स. आणि चॉकलेट.”

ते हसले. उपरोधाने नाही, खरंच हसले. म्हणाले, “मेलमधे लिहिलं होतं की आता जास्त पर्याय. आधी तर दोन होते.”

मी कागदावरचं वाक्य आठवायला लागले आणि आठवेना. मागून माझी ज्युनियर पोरगी म्हणाली, सर तुम्ही गोल्ड आहात ना, तुम्हाला व्हाउचर आहे. हो, गोल्डवाल्यांसाठी तशी सोय केली होती, प्रत्येक फ्लाइटला एक स्नॅक फुकट. व्हाउचर अॅपमधे. अॅप उघडायला इंटरनेट लागतं. आमच्या विमानात वायफाय नव्हतं. ३५,००० फुटांवर ते काका मोबाइल धरून बसले, स्क्रीनवर गोल चक्र फिरतंय, आणि आम्ही तिघं त्या चक्राकडे बघतोय. ज्याने हे डिझाइन केलं त्याला एकदा तरी तिथे उभं करायला पाहिजे होतं.

मग त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढलं, जुनं प्लास्टिकचं. आम्ही प्लास्टिकची कार्डं पाठवणं कधीच बंद केलं होतं, हे त्याच्याही आधीचं. सोनेरी रंग कोपऱ्यांना उडून खालचं पांढरं दिसत होतं, नावाची उठावाची अक्षरं घासून सपाट झालेली. तारीख कधीच उलटून गेलेली. दाखवून काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होतं. मला दाखवलं, परत ठेवलं, आणि चिप्सचं एक पाकीट विकत घेतलं.

यावर लोक म्हणतील एका ट्रेसाठी एवढं काय. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मी हेही बघितलंय की एअरलाइनला आपले नेहमीचे लोक म्हणजे कोण, याचा अर्थच मधल्या काळात बदलला. आधी माइल्स म्हणजे खरोखर मैल, जेवढं उडाल तेवढे मिळायचे. २०१५ ला अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेड या एअरलाइननी ते तिकिटाच्या किमतीवर केले, २०१६ ला अमेरिकन एअरलाइन्सने, मग बाकीच्या बऱ्याच जणांनीही तेच उचललं. म्हणजे वर्षाला चाळीस वेळा स्वस्त तिकिटावर येणारा माणूस मागे पडला आणि चार वेळा महागड्या तिकिटावर येणारा पुढे गेला. आणि खरा पैसा तर त्याहून वेगळीकडे आहे, बँकांना माइल्स विकण्यात. बँक ते क्रेडिट कार्डवाल्यांना देते, एअरलाइनला आधीच रोकड मिळते. २०२० मधे विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडने आपला मायलेजप्लस प्रोग्रामच तारण ठेवून कर्ज उभं केलं, आणि त्या प्रोग्रामची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर धरली होती, तेव्हा शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्याहून कमी होती. मी हे आमच्या एका फर्स्ट ऑफिसरकडून, म्हणजे सहवैमानिकाकडून, ऐकलं तेव्हा मला खरं वाटेना, मग शोधून वाचलं. मग एकवीस डी तल्या माणसाची पहाटेची चाळीस उड्डाणं कोण मोजत बसणार, तो किराणा कुठल्या कार्डवर घेतो ते जास्त महत्त्वाचं.

कार्ट मागे आणली. आमच्या मागच्या गॅलीत ओव्हन अजून होते, ते काढायचे होते पण काढले नव्हते, आणि त्यात क्रू मील गरम होत होतं. क्रूचं जेवण चालूच होतं, ते बंद करता येत नाही तसं, आम्ही दिवसाला चार-चार सेक्टर, म्हणजे उड्डाणं, करतो. फॉइलचे डबे, झाकणावर पेनाने ‘क्रू’ लिहिलेलं. मी पडदा ओढला, डबा उघडला, आणि आत बघून मला कसंतरीच झालं, कारण आत पास्ता होता. तोच. केटररने क्रूसाठी जुनीच रेसिपी चालू ठेवली होती, तोच लाल सॉस, तेच वर वाळलेलं चीज, कालपर्यंत जो १७४ लोकांना दिला तोच.

पहिला घास तोंडात आणि पडदा हलला. काका. टॉयलेटला आले होते, लाल दिवा होता म्हणून थांबले होते, आणि वास आला म्हणून बघितलं असणार. मी काटा तोंडात धरून उभी. पोरगी जंपसीटवर डबा मांडीवर घेऊन बसलेली, ती तर डबा लपवायलाच लागली.

“सॉरी सॉरी, जेवा तुम्ही,” ते म्हणाले आणि पडदा परत ओढला.

जर त्यांनी आवाज चढवला असता ना, तर मला सोपं गेलं असतं. आवाज चढवणाऱ्यांसाठी माझ्याकडे इतक्या वर्षांची तयारी होती. हा माणूस माझा पडदा ओढून देत होता. मी अजून एक घास घ्यायचा प्रयत्न केला, तो घशाखाली उतरेना. पोरीने अजून तिचा डबा उघडला नव्हता, पण तिचा मी कसा देणार, ती ज्युनियर, उद्या काही झालं तर ती मरेल. चौथ्या क्रूची, पुढच्या गॅलीतली, ती त्या दिवशी उपास म्हणून जेवणार नव्हती, तिचा डबा ओव्हनमधे पडून होता, पण तो आठवायला मला दोन मिनिटं लागली. माझा उष्टा डबा बाजूला सरकवला, तिचा डबा काढून स्वतःच्या नावावर टिकमार्क केला, म्हणजे हिशोबात तो माझा झाला, आणि पडदा उघडून म्हटलं, सर, आत या जरा.

ते आले. कट्ट्यावर डबा ठेवला, काटा दिला. ते डब्याकडे बघत राहिले.

“हे तुमचं आहे.”

“आहे एक जास्तीचा सर. खा.”

“हा तोच पास्ता ना?”

“तोच.”

“मला कधीच आवडला नाही हा,” ते म्हणाले, आणि उभ्याने, एका हाताने कट्टा धरून, सगळा खाल्ला. तसंही वर चव नीट लागत नाही, केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा, हवा कोरडी ठणठणीत, मीठ आणि गोड दोन्ही कमीच लागतं. कितीही चांगला स्वयंपाकी असला तरी तो पास्ता तसाच लागणार होता.

खाता खाता बोलले थोडंसं. म्हणाले, दुसऱ्या एअरलाइनचं तिकीट यापेक्षा स्वस्त असतं, वेळही बरी असते, पण मी अकरा वर्षं हीच घेतली, ऑफिसमधले हसतात मला. मी म्हटलं जेवणासाठी? ते म्हणाले छे हो, सवय म्हणा, ओळखीचं वाटायचं. मग थांबून म्हणाले, “त्या मेलमधे माझं नावसुद्धा चुकीचं होतं.” यावर मी काय बोलणार. डबा स्वतःच कचऱ्याच्या कप्प्यात टाकला, कुठला कप्पा ते त्यांना बरोबर माहीत होतं, आणि जाऊन बसले.

उतरताना एक हसू, बस. मी विसरून गेले असते.

बारा दिवसांनी शो-कॉज. काकांनी फीडबॅक लिहिला होता, सविस्तर, माझं नाव, फ्लाइट नंबर, तारीख, सगळं बिनचूक. नवीन धोरणाबद्दल दोन ओळी आणि माझ्याबद्दल बारा. ‘स्वतःच्या वाट्याचं जेवण यांनी मला दिलं, असे कर्मचारी आहेत म्हणून तुमची एअरलाइन टिकून आहे.’ आणि क्रू मील पॅक्सला देणं हा आमच्याकडे नियमभंग. नियमाला कारण आहे, ते मी नाकारत नाही, उपाशी क्रू इमर्जन्सीत काय करणार, आणि पॅक्सला ते खाऊन त्रास झाला तर जबाबदारी कुणाची. पण गंमत बघा, कौतुकाची सिस्टिम वेगळी आणि शिस्तीची वेगळी, दोघींचं आपसात बोलणं नाही. त्यामुळे त्याच आठवड्यात मला आपोआप आलेला मेल, अभिनंदन, तुम्ही या महिन्याच्या स्टार आहात, शेजारी चमकणारा तारा. आणि त्याच्या खालच्या मेलमधे, ७२ तासांत लेखी खुलासा करावा.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. मला केबिनमधे बोलावून दार लावून घेतलं. म्हणाला, “अगं एवढं काय त्यात, लिही ना की त्यांना चक्कर येत होती. मेडिकल टाक, केस बंद. तू पण सुटशील, मी पण.”

“पण सर, चक्कर नव्हती येत.”

“मग काय होतं?”

“भूक लागली होती.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची चेष्टा करतेय. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. फॉर्ममधे कारणांची यादी होती, खाली ओढली की उघडणारी. वैद्यकीय. लहान मूल. गैरवर्तन टाळण्यासाठी. विलंब, पण तो चार तासांच्या वरचा असेल तरच. आणि शेवटी इतर. इतर निवडलं की अप्रूव्हल कोड मागतो आणि तो कोड मॅनेजरचा लागतो, म्हणजे मग त्याला त्याच्या वरच्यांना उत्तर द्यावं लागणार. भूक असं काही त्या यादीत नव्हतंच, जेवणाबद्दलचा फॉर्म असून. आम्ही दोघं ती यादी वर-खाली करत बसलो, जणू एखाद्या वेळी ओढल्यावर येईल.

मी इतर निवडलं आणि खाली एक ओळ लिहिली. पॅसेंजरला भूक लागली होती, विक्रीचे पदार्थ संपले होते, एक क्रू मील शिल्लक होतं. त्याने सुस्कारा टाकून कोड घातला. यात हौतात्म्य वगैरे काही नव्हतं, खरं सांगायचं तर मला नुसता राग आला होता, आणि चक्कर लिहिलं असतं तर त्या माणसाच्या अकरा वर्षांनंतर आमच्या रेकॉर्डमधे तो आजारी म्हणून राहिला असता. फाइलमधे एक वर्षासाठी वॉर्निंग लेटर लागलं. ताराही राहिला.

नंतर नंतर आम्हीही सरावलो. लोडिंग सुधारलं, सँडविच ४० ची ६० झाली, व्हाउचर बोर्डिंग पासवरच छापायला लागले. लोकही सरावले, घरून डबे यायला लागले, तक्रारी कमी झाल्या, आणि मीटिंगमधे तक्रारींचा उतरता आलेख दाखवून सांगितलं की बघा, स्वीकारलं लोकांनी. कधी कधी कंपन्या माघार घेतातही, अमेरिकेतल्या यूएस एअरवेजने ऑगस्ट २००८ मधे कोल्ड्रिंकपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्याला पैसे लावले होते आणि मार्च २००९ मधे गुपचूप मागे घेतलं, कारण बाकी कुठल्याच मोठ्या कंपनीने त्यांच्या पाठोपाठ तसं केलं नाही. आमच्या बाबतीत सगळ्यांनी केलं. मग माघार कशाला.

काका पुन्हा दिसले त्याला चौदा महिने झाले होते. तीच सकाळची फ्लाइट. टॅबवर नऊ एफ, नावापुढचा रकाना रिकामा. नाव घेऊन स्वागत करायचा नियम आता त्यांना लागू नव्हता. मी तरी केलं, त्यांनी मला ओळखलं.

“बऱ्याच दिवसांनी सर.”

“हो, आता जे स्वस्त असेल ते घेतो. आज तुमचं स्वस्त होतं.” मग जरा वाकून, हळू आवाजात, “पास्ता आहे का अजून?”

“नाही सर. ओव्हन काढले. आता आम्हालाही सँडविचच.”

“विकत?”

“नाही, ते अजून फुकट आहे.”

“जपा,” ते म्हणाले, आणि एक चहा मागितला.

मी चहा दिला, मशीन पुढे केलं, त्यांनी कार्ड टेकवलं. मशीनने बीप केलं आणि स्क्रीनवर नेहमीचा प्रश्न आला, मेंबरशिप नंबर टाका. या खरेदीवर पॉइंट मिळतात.

“नंबर टाकू का सर? पॉइंट येतील.”

ते खिडकीबाहेर बघत चहात साखर घालत होते. “कसला नंबर?” म्हणाले.

मी स्किप दाबलं आणि पावती दिली.